काच कुणी उचलायची?

माननीय पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावात बाजारतळामागे ओढा आहे. त्याच्या काठाला जुन्या टीव्हींच्या पिक्चर ट्यूब पडलेल्या असतात. नुसत्या ट्यूब. प्लास्टिकची पेटी नाही, आतला बोर्ड नाही, आणि मानेभोवतीचं तांब्याचं वेटोळं तर सगळ्यात आधी जातं. ते ओढून काढताना काचेची मान मोडते, आतली भुकटी उडते. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये किलो-दोन किलोसुद्धा. ती काच कुणालाच नको असते.

भंगारवाल्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. तो घरमालकाच्या हातावर शंभराची नोट ठेवतो, तांब्या-लोखंडात दोन पैसे सुटतात, आणि काच कुठे द्यायची हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

साहेब, खरी गोम नियमातच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी कंपन्यांना रिसायकलिंगचं लक्ष्य दिलं: २०२३-२४ ला ६० टक्के, २०२७-२८ पासून ८०. ई-कचरा रिसायकल करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडून त्या कामाची प्रमाणपत्रं विकत घेतली की कंपनीचं लक्ष्य पुरं. ही प्रमाणपत्रं निघतात सोनं, तांबं, लोखंड आणि अॅल्युमिनियम या चार धातूंवर. शिशाच्या काचेवर नाही. बाजारात ज्याला आधीच गिऱ्हाईक आहे त्यालाच आणखी भाव, आणि जे विषारी ते वाऱ्यावर. नियम दिल्लीचे आहेत, मान्य. पण ही त्रुटी दिल्लीला लेखी कळवायला राज्याचे हात कुणी बांधलेले नाहीत.

आणि कंपनीच अडचणीत गेली तर? व्हिडिओकॉनचे टीव्ही आपल्या मराठवाड्यात बनत. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वेस्टन या जुन्या टीव्ही कंपनीचं नाव तर नव्या पिढीला ठाऊकही नसेल. ज्या मालाला वाली उरला नाही, तो गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडे पोचवण्याचं काम याच नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलं आहे. आमच्याकडे घंटागाडीसमोर टीव्ही ठेवला तर, ‘हे आमच्यात बसत नाही’, एवढं बोलून गाडी पुढे जाते. पर्यावरण दिनाला संकलन मोहीम होते, नाही असं नाही. तिथे मोबाइल आणि चार्जर जमतात, फोटो निघतात. वीस-पंचवीस किलोचा डबा उचलून तिथवर कोण नेणार?

माझी मुख्य मागणी एकच. न फुटलेल्या ट्यूबला राज्याने भाव बांधून द्यावा. नगरपरिषदेच्या गोदामात जो कोणी आख्खी ट्यूब आणून देईल, मग तो भंगारवाला असो की घरमालक, त्याला तिथल्या तिथे पैसे मिळावेत. रक्कम किती, ते आपल्या खात्याने ठरवावं. भंगारवाल्याला फोडण्यापेक्षा जपून आणणं परवडलं पाहिजे, एवढं पाहावं. जमलेल्या ट्यूब जिल्ह्याने एकत्र करून नोंदणीकृत कारखान्याला पाठवाव्यात. एकट्या नगरपरिषदेला ट्रकचं भाडं झेपणार नाही.

भंगारवाल्यांना यातून वगळू नका. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करतात, म्हणजे हे जमतं. या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि जुने सेट सुटे करण्याच्या कामासाठी औद्योगिक वसाहतीत जागा, हे तर नियमांनी राज्य सरकारकडेच सोपवलं आहे. एमआयडीसीत एखादी शेड मिळाली तरी सुरुवात होईल.

दिवाळीत दुकानदार ‘जुना द्या, नवा घ्या’ म्हणून जे सेट घेतात, ते पुढे कुठे जातात याचा हिशेबही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मागावा. पावती आमच्या सवलतीची मिळते, सेटची नाही.

काचेबाबत आपण केंद्राला पत्र लिहिलंत, तर त्याची प्रत मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
नगरपरिषद हद्दीतला एक करदाता