पत्रिकेसोबत आता डीएनए अहवाल?

संपादक महोदय,

‘नैराश्याचे जनुक सापडले’ असा मथळा दर दोन-चार वर्षांनी छापून येतो आणि लग्न जुळवणाऱ्या मंडळींच्या कपाळावर आणखी एक आठी पडते. ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ ही कुजबुज जुनीच. आता तिला प्रयोगशाळेच्या कागदाची जोड मिळेल, ही माझी भीती.

या शोधाचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. १९८७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या परंपरानिष्ठ ख्रिस्ती समाजातील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून बायपोलर आजाराचे (ज्यात कधी नैराश्य, तर कधी अति उत्साहाचा उन्माद येतो) मूळ अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे जाहीर झाले. पुढे त्याच कुटुंबातील आणखी माणसे तपासली गेली, निरोगी धरलेले दोघे आजारी पडले, आणि १९८९ मध्ये तो दावा कोसळला. २००३ पासून मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा नैराश्याचे कारण म्हणून गाजावाजा झाला. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती पडताळली, तेव्हा ते आणि तशीच गाजलेली इतर जनुके सहज उचललेल्या कोणत्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

मग हाती काहीच नाही का? आहे. २०२५ मध्ये २९ देशांतील सुमारे सात लाख रुग्णांच्या अभ्यासातून नैराश्याशी निगडित जवळपास ७०० जनुकीय फरक मिळाले. पण प्रत्येकाचा परिणाम अगदी किंचित. शिवाय अशी माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे आपल्याकडे तिचे गणित आणखी कच्चे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्यात अनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के आहे. बायपोलरमध्ये बराच जास्त. हा आकडा समाजातील माणसामाणसांमधल्या फरकाबद्दलचा आहे. अमक्याच्या मुलीला आजार होण्याची शक्यता ३७ टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

उपयोगाची माहिती घरातच असते, फुकट. आई, मामा, आजी यांपैकी कुणाला बायपोलर होता हे कळले, तर डॉक्टर नैराश्याची गोळी देताना जपून पावले टाकतात, कारण काही रुग्णांत तिने उन्माद उसळू शकतो. नेमकी हीच गोष्ट स्थळे मोडतील म्हणून दवाखान्यातही लपवली जाते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एकाच घरातील अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांवर संशोधन चालू आहे. तेही अशा घरांनी मोकळेपणाने बोलण्यावरच अवलंबून.

पुढच्या वेळी असा मथळा देताना त्या जनुकाचा परिणाम किती, हेही त्याच बातमीत छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा