पोत्यावरचे दोन हात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महासत्तांच्या विमानवाहू नौकांवरचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. लेख माहितीपूर्ण होता, फोटोही झकास होते. पण कुठल्या देशाचा जगात किती दबदबा, हे नौका मोजून ठरवायचं म्हटलं तर माझ्या घरात शिरलेल्या अमेरिकेचा हिशेब लागत नाही. बार्शीला समुद्र नाही. आमच्याकडे अमेरिका आली ती पोत्यातून.

वडिलांचं रेशनचं दुकान होतं. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं देशात पावसाने दगा दिला, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दुकानात लालसर विलायती गहू यायचा. त्याची पोळी गार झाली की चपलेला टाच लावता येईल, असं आजी म्हणायची. भाकरीवर वाढलेली माणसं ती, नाकं मुरडत पण रांगेत उभी राहत. शाळेत मधल्या सुट्टीत सांजा मिळे. त्याचा भरडा ज्या सुती पोत्यांतून येई त्यांवर छाप असायचा: तारे आणि पट्टे असलेली ढाल, तिच्यावर हस्तांदोलन करणारे दोन हात, आणि हे धान्य अमेरिकेच्या जनतेने दिलेलं आहे अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. असंच एक रिकामं पोतं आईने मिळवलं आणि दळणाची पिशवी शिवली. सोडा घालून उकळलं, दगडावर आपटलं, पण ते दोन हात काही सुटले नाहीत. गिरणीवाला मला ‘अमेरिका’ म्हणूनच हाक मारायचा.

हा गहू ज्या कायद्याखाली यायचा तो ‘पीएल ४८०’. अमेरिकेने तो १९५४ साली केला. त्यात दया किती आणि सोय किती हे ज्याने त्याने ठरवावं. त्यांची कोठारं भरून वाहत होती आणि शेतमालाचे भाव पडू द्यायचे नव्हते, एवढं मात्र खरं. भारताशी पहिला करार १९५६ सालचा. गव्हाचे पैसे डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायचे. डॉलरची कायम चणचण असलेल्या देशाला याहून गोड सौदा कुठे मिळणार? दहा वर्षांत आपण त्या गव्हावर असे विसंबलो की धान्य जहाजातून थेट तोंडात जातं, असं लोक बोलू लागले.

आणि मग अध्यक्ष जॉन्सन यांनी नळ बारीक केला. बंद केला नाही, हे महत्त्वाचं. गावातला मुरलेला वाणी उधारी कधी तोडत नाही. तो फक्त वर्षाची वही महिन्यावर आणतो. दर महिन्याला तुम्ही त्याच्या ओट्यावर गेलंच पाहिजे आणि तो काय बोलेल ते ऐकून घेतलंच पाहिजे. गव्हाची जहाजं तशीच थोडी थोडी सुटू लागली. शेतीचं धोरण बदला, हा एक आग्रह होता. त्यावर नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात समझोता झाला. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल भारत जे बोलत होता तेही वॉशिंग्टनला खुपत होतं. आमच्याच सुरात पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीसही बोलतात, असं भारताच्या बाजूने सांगितल्यावर ‘त्यांना आमचा गहू लागत नाही’ असं उत्तर मिळाल्याचा किस्सा सांगितला जातो. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागे जागतिक बँकेचा आणि अमेरिकेचा रेटा होता, हे आता कुणी नाकारत नाही.

त्या अपमानाच्या चटक्यामुळे आपण स्वयंपूर्ण झालो, अशी गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती खोटी नाही. पण १९६६ साली आपण जे अठरा हजार टन गव्हाचं बियाणं मेक्सिकोतून आणलं, ते घडवणारे नॉर्मन बोरलॉग अमेरिकन, आणि मेक्सिकोतलं ते काम सुरू झालं होतं अमेरिकेच्याच रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर. म्हणजे गव्हाच्या दाराने बाहेर पडलो आणि बियाण्याच्या दाराने आत गेलो. तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या बियाण्याने पोटं भरली. दबदबा म्हणतात तो असाच टिकतो, एवढंच म्हणायचं आहे. (काँग्रेस गवतही त्याच गव्हातून आलं असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पुण्यात त्या गवताची नोंद झाली ती पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे पीएल ४८० चा गहू यायला जेमतेम सुरुवात होत होती तेव्हा. त्यामुळे तो आरोप मी ठेवत नाही.)

लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट पुढेच आहे. गव्हापोटी आपण दिलेल्या रुपयांचं काय झालं? ते अमेरिकेच्या नावावर इथेच साठत गेले. बाहेर नेऊन उपयोग नाही, जगात आपला रुपया घेतो कोण? दुसरा कुणी असता तर हात चोळत बसला असता. त्यांनी त्यातले बरेच भारतालाच विकासासाठी कर्जाऊ दिले आणि काहींची चक्क पुस्तकं घेतली. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवू लागलं. त्यात मराठीही होती. आपल्याकडे जी पुस्तकं वाळवीने खाल्ली ती शिकागोच्या ग्रंथालयात नीट लावून ठेवलेली असतात, त्याचं मूळ आमच्या दुकानातल्या त्या वातड पोळीत आहे. आपल्याविषयी कुणाला संशोधन करायचं तर त्याने तिकडे जायचं, अशी सोय त्यांनी आपल्याच रुपयांत करून ठेवली. उरलेल्या ढिगातले १,६६४ कोटी रुपये १९७४ साली अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी एका चेकने भारत सरकारला देऊन टाकले. बांगलादेश युद्धानंतर बिघडलेले संबंध सांधायलाही तो ढीगच कामी आला.

आता दुसरा ढीग. मी पुढे बँकेत लागलो आणि शेवटची काही वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर होतो. २०१२ च्या सुमाराचं आठवतं. एका सोयापेंड निर्यातदाराचा माल बंदर अब्बासला उतरला होता. सोयाबीन लातूरचं, खाणाऱ्या कोंबड्या इराणच्या, आणि बिल डॉलरमध्ये. डॉलर म्हटला की तो न्यूयॉर्कच्या वाटेनेच जाणार. इराणवर अमेरिकेचे निर्बंध, म्हणून मधल्या एका बँकेने कागद अडवले ते अडवलेच. निर्यातदार रोज येऊन समोर बसायचा, चहा घ्यायचा नाही. त्याच वर्षी इराणच्या बँकांना स्विफ्टच्या, म्हणजे जगभरच्या बँका ज्यावरून एकमेकींना पैशाचे निरोप पाठवतात त्या जाळ्यातून बाहेर काढलं गेलं. कार्यालय बेल्जियममध्ये, पण धाक कुणाचा ते सांगायला नको. एक गोळी न झाडता एका देशाचं जगाशी असलेलं देणंघेणं तोडता आलं.

यावर तोडगा म्हणून आपण इराणच्या तेलाचे पैसे काही प्रमाणात रुपयांत कोलकात्याच्या युको बँकेत भरू लागलो. म्हणजे पुन्हा रुपयांचा ढीग, फक्त मालक वेगळा. इराणला त्या रुपयांत आपल्याकडून बासमती, चहा, सोयापेंड घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमच्या निर्यातदाराचं भलं झालं, तो मग चहाही घेऊ लागला. पण मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत काढून घेतली आणि आपण इराणचं तेल घेणंच थांबवलं.

तिसरा ढीग रशियाचा. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले परराष्ट्रमंत्री लावरोव पत्रकारांना म्हणाले की अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते वापरता यायला हवेत. अणुबॉम्बचे डोंगर असलेला देश, आणि आपल्या तेलाच्या पैशाचं करायचं काय असा त्याला प्रश्न पडलेला! रुपया तोच. एकाने त्यातून ग्रंथालयं उभी केली आणि वर उपकारही केले; बाकीचे दोघे पासबुक हातात घेऊन उभे. विमानवाहू नौकांच्या तक्त्यात हा फरक कुठल्या रकान्यात बसवायचा, हे लेखकाने जरूर सांगावं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आपण अफगाणिस्तानला पन्नास हजार टन गहू द्यायला सुरुवात केली. अटारीवरून ट्रक निघाले त्या दिवशी टीव्हीवर पोती दाखवली. भारताच्या लोकांकडून अफगाणिस्तानच्या लोकांना भेट, असं त्यांवर इंग्रजी, पश्तो आणि दारीत छापलेलं होतं. मी उठून पडद्याजवळ गेलो. पोती तागाची होती की प्लास्टिकची, ते नीट दिसलं नाही. सुती असती तर काबूलमध्येही कुणीतरी त्यातलं एखादं धुवायला घेतलं असतं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
बार्शी, जि. सोलापूर