परका मासा सोडण्याआधी

मा. संपादक,

जलाशयांत बाहेरच्या जातीचे मासे सोडून उत्पादन वाढवावे, असा आग्रह धरणारा लेख आपल्या अंकात वाचला. उत्पादन वाढावे याबद्दल दुमत नाही. पण झपाट्याने वाढणारा, मिळेल ते खाणारा, गढूळ पाण्यातही तगणारा, हे अशा माशाचे गुण म्हणून त्या लेखात सांगितले आहेत. खरा धोका त्यांतच आहे. असा मासा एकदा उघड्या पाण्यात वाढू लागला की तो परत गोळा करणे जवळपास अशक्य होते.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात कोकॅनी सामन माशाला खाद्य मिळावे म्हणून १९६८ ते १९७५ दरम्यान काही तळ्यांत मायसिस ही इवलीशी कोळंबी सोडली गेली. प्रवाहाबरोबर ती खालच्या फ्लॅटहेड सरोवरात उतरली. ही कोळंबी दिवसा खोल तळाशी दडते आणि रात्री वर येऊन प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खाते. कोकॅनी मात्र दिवसा, वरच्या पाण्यात भक्ष्य टिपतो. कोळंबी त्याच्या तोंडी लागलीच नाही, उलट त्याचेच प्लवक तिने फस्त केले. १९८० चे दशक सरेपर्यंत तिथला कोकॅनी कोसळला आणि त्याच्यासाठी जमणारे गरुडही ओसरले. कोण, केव्हा, किती खोलीवर खातो, हे सोडण्याआधीच तपासायला हवे होते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतून युरोपात नेलेले सिग्नल क्रेफिश (गोड्या पाण्यातले, झिंग्यासारखे कवचधारी प्राणी) स्वतः ठणठणीत होते, पण त्यांच्याबरोबर आलेल्या रोगाने तिथल्या मूळ क्रेफिशचा फडशा पाडला. म्हणूनच आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेच्या आचारसंहितेतला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. बाहेरून आणलेले प्राणी स्वतः उघड्या पाण्यात सोडायचेच नाहीत. त्यांना विलगीकरणात ठेवायचे, तिथले सांडपाणी निर्जंतुक करायचे, आणि रोग-परजीवी आढळले नाहीत तरच त्यांची पिल्ले, तीही आधी मोजकीच, सोडून लक्ष ठेवायचे. वेळ लागेल, लागू द्या. केवळ तण खाण्यासाठी गवत्या मासा हवा असेल तर प्रजनन न करू शकणारा ट्रिप्लॉइड वापरता येतो; तोही तपासूनच.

माझी मागणी एवढीच, की धोका नाही हे दाखवण्याची जबाबदारी मासा आणणाऱ्यावर असावी आणि तपासणीचा खर्चही त्यानेच सोसावा. अहवाल स्वतंत्र तज्ज्ञांनी पारखावा. पाणी पुढे ज्यांच्या हद्दीत जाते, त्यांची संमती परवानगीआधी घ्यावी.

— एक वाचक