‘कुल’ म्हणायला शिकवणाऱ्या आपांना

आपा, अस्सलामु अलैकुम.

तोंडावर बोलायला गेले की माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहिते आहे. सगळ्यांनी वाचावं असंही वाटतं.

साठी उलटल्यावर मी तुमच्यापुढे कायदा, म्हणजे कुरआन नीट पढायला शिकण्याचं अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, उघडून बसले. लहानपणी गावच्या मक्तबमध्ये कुरआन पुरा केला होता, पण नुसता भराभर. पहिल्या दिवशी तुम्ही ‘कुल’ने सुरू होणारा कुरआनचा छोटा अध्याय, सूरह इख्लास, म्हणायला लावलीत. पहिल्याच शब्दाला हळूच थांबवलंत. जिभेच्या मुळातून येणाऱ्या मोठ्या काफ या अरबी अक्षरानं ‘कुल’ म्हणजे ‘सांगा’. मी काढत होते त्या छोट्या काफनं त्याचाच अर्थ होतो ‘खा’. इतकी वर्षं नमाजात मी काय म्हणत आले, या विचारानं मला रडूच फुटलं.

तुम्ही पाणी दिलंत आणि हजरत आयशांनी सांगितलेली पैगंबरांची हदीस ऐकवलीत, की अडखळत, कष्टानं पढणाऱ्याला दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य, आहे. मग विचारलंत, “खाला, चमचा आणि चहा यांतला च वेगळा कसा काढता?” मी दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. चमच्याला जीभ दातांमागे जाते, चहाला टाळूला लागते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. “आईचं ऐकून आलं ना? आता माझं ऐका.” कुरआनपठणाचे विद्वान इब्नुल जजरींनी सहाशे वर्षांपूर्वी 17 मखरज, म्हणजे तोंडा-गळ्यातल्या अक्षर निघण्याच्या जागा, सांगून ठेवलेत, पण मखरज म्हणजे काय हे मला त्या चमच्यानं कळलं.

जाल, जे, ज्वाद, जोय ही चार अरबी अक्षरं, पण चारही माझ्या तोंडी एकच ज होते. जालला जिभेचं टोक दातांतून दिसलं पाहिजे, म्हणून तुम्ही आरसा धरून बसायचात, मांडीवर तान्हं बाळ झोपलेलं असताना. त्या दुपारी तुमच्या विश्रांतीच्या होत्या, हे मला ठाऊक आहे. अल्लाह तुम्हाला याचा अज्र, याचं फळ, देवो.

आता सूरह इख्लासमधल्या ‘अहद’चा शेवटचा दाल मी गिळत नाही, कलकला, म्हणजे अक्षराचा तो हलका ठेका, नीट उसळतो. सूरह फातिहाच्या शेवटच्या ‘वलद्दाल्लीन’ची मद, म्हणजे लांबवायचा स्वर, ओढताना ओढणीखाली सहा बोटं मोजते. ज्वाद मात्र अजून हुलकावणी देतो. जिभेची कड वरच्या दाढांना लागते, पण आवाज दालकडे घसरतो.

सोमवारी सूरह मुल्क सुरू करायची म्हणालात. त्याआधी माझा ज्वाद एकदा ऐकून घ्या. मी दहा मिनिटं लवकर येते.

तुमची,
खाला