दिल्या, तात्यांबद्दल

प्रिय दिल्या,

तात्या तोंडाच्या कॅन्सरनं गेले हे तुला फोनवर सांगितलंच. पण त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे मला मोकळं बोलता येईना. तुझ्या मागे कोण एवढ्या जोरजोरात मल्याळममधून भांडत होतं रे? का तिकडे प्रेमानंही तसंच बोलतात? असो. रविवारी तात्यांच्या घरची वांग्याची भाजी ओरपून हॉस्टेलवर परतणारे आपण दोघंच होतो, तेव्हा हे तुलाच लिहायला हवं.

आमच्याकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर ताब्यात आहे.

मोठ्या दवाखान्यात लाइट देऊन झाले, सलाईनमधून औषधं झाली, आणि शेवटी सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." फाईल हातात दिली. सेवा कशी करायची ते मात्र कुणी सांगितलं नाही. घरी आणल्यावर गालाची जखम आरपार गेली. बैलानं मांडीत शिंग घातलं तेव्हा टाके पडेपर्यंत डॉक्टरशी कापसाच्या भावावर बोलणारा तो माणूस. तोच रात्रभर उशी चावायचा आणि ओरडायचा. वहिनी ओसरीवर बसून राहायच्या. वासामुळे शेजारपाजारचे दारातूनच विचारपूस करून जायचे, सुनेनं पोरांना आत सोडणं बंद केलं. तात्यांना ते कळत होतं.

मी मॉर्फिनसाठी, म्हणजे असल्या दुखण्यावरच्या औषधासाठी, फिरलो. गावातला मेडिकलवाला म्हणाला, "तसली गोळी आपल्याकडं नाही, पोलीस केस होते." तालुक्याचे डॉक्टर भले गृहस्थ, पण म्हणाले, मला लिहिता येत नाही. जिल्ह्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, शेवटी साहेब रजेवर. घरी परतलो की तात्या डोळ्यांनी विचारायचे, आणली का?

शेवटी पुतण्यानं पुण्याहून कळवलं आणि गाडी करून आम्ही त्यांना वारज्याला नेलं. तिथे सिप्ला औषध कंपनीचं, कॅन्सरच्या माणसांचं दुखणं हलकं करणारं केंद्र आहे, १९९७ पासूनचं, पैसे घेत नाहीत. डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि तात्यांनाच विचारलं, कुठं दुखतं, किती, रात्री झोप लागते का. दर चार तासांनी मॉर्फिन सुरू झालं, सोबत पोट साफ राहायचं औषध, कारण त्यानं हमखास कोठा जड होतो. पहिल्या रात्री तात्या इतके गाढ झोपले की वहिनी उठून उठून श्वास चालू आहे ना ते बघत होत्या.

पण दिल्या, माझ्या मनातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. तिथल्या सिस्टरनं जखम धुतली, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये चुरल्या, ती पूड जखमेत भरली आणि वर पट्टी लावली. वहिनींकडून दुसऱ्या दिवशी तसंच करून घेतलं. जुलाब झाले की आपण घेतो तीच ही गोळी. थोड्या दिवसांत वास गेला. धाकटा नातू भेटायला आला तो सरळ खाटेवर चढून त्यांच्या कुशीत बसला, आणि तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. ही गोळी आमच्या गावच्या मेडिकलमध्ये डब्यानं पडून आहे! तिला परवाना लागत नाही, साहेबांची सही लागत नाही. एका स्वस्त गोळीसाठी त्या घरातली लेकरं आजोबांपासून तुटली होती, कारण सबंध तालुक्यात हे माहीत असलेलं एक माणूस नव्हतं. मला राग येतो तो इथे येतो.

तात्या तिथेच गेले. शांत गेले, दुखत नव्हतं. पण आपल्या शिवारापासून इतक्या लांब गेले. शेवटी शेवटी विचारत होते, हरभरा काढला का. बोलता येत नव्हतं, खुणेनं.

आणि मंदसौरच्या अफूच्या शेतांची सहल आठवते ना? बोंडांना संध्याकाळी चिरे पाडायचे आणि सकाळी चीक खरवडायचा. तू बोटाला लागलेला चीक चाखायला निघालास आणि सरांनी सगळ्या बॅचसमोर तुझं बोट धरलं! त्याच अफूपासून नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत मॉर्फिन तयार होतं. म्हणजे पीक आपल्या देशात आणि दुखणारी माणसंही आपल्याच देशात. मध्ये १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे झाले, एका औषधासाठी चार-चार खात्यांचे परवाने लागायचे, एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सुधारला, आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच परवाना पुरतो. कागद बदलला. मेडिकलवाल्याच्या मनातली पोलीस केस तशीच राहिली, आणि त्यानंतर शिकून आलेल्या डॉक्टरांच्या हातूनही ते औषध कधी गेलं नाही.

आपल्या राज्यात काहीच नाही असं नाही, म्हणून तर जास्त लागतं. शेवटच्या दिवसांत अशी सेवा करणारं देशातलं पहिलं घर मुंबईत निघालं, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ साली. त्यांचंच एक गोव्यात लोटलीला आहे, एक दिल्लीला. टाटा हॉस्पिटलमध्ये या सेवेचा वेगळा विभाग आहे. केरळनंतर ज्या मोजक्या राज्यांनी यासाठी धोरण केलं त्यात महाराष्ट्र आहे. पण मुंबई-पुण्याच्या माणसाला रिक्षानं जाता येतं, आणि मराठवाड्यातल्या खेड्यातल्या माणसाला आधी गाडीभाड्यासाठी सोयाबीन विकावं लागतं. आजार एकच, तंबाखू एकच.

आता तुझं केरळ. तुझ्या घरमालकाच्या आईला बघायला पंचायतीची नर्स घरी येते, जखम बघते, औषध देऊन जाते, हे तू मागे सांगितलं होतंस. ते मी आता सगळं वाचून काढलं. १९९३ मध्ये तुझ्या कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी या कामाची सुरुवात केली. मग मलप्पुरममध्ये गावोगावचे दुकानदार, विद्यार्थी, निवृत्त मास्तर यांनी काम उचललं, आणि २००८ मध्ये सरकारनं धोरण करून ते पंचायतींच्या खर्चात बसवलं. पैसा आधी लोकांचा होता, सरकार मागून आलं.

इथे आपलं जुनं भांडण. तू म्हणशील, तिथली माणसं जागरूक आहेत, आपल्याकडे होणार नाही. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. (सायकलच्या भांडणातही मीच बरोबर होतो, पंक्चर तूच केलं होतंस.) अरे, आमच्या गावात हरिनाम सप्ताहाला आठ दिवसांत किती वर्गणी जमते ते तू बघितलंयस. काल्याच्या दिवशी पंचक्रोशी जेवते, भाकरी घराघरातून येते, वाढायला पोरं धावतात. त्या गावाला एका नर्सचा पगार जड नाही. गावाला कुणी मागितलेलंच नाही. मी मागणार आहे. सरपंचांशी बोललो, ते ऐकून घेतात. तालुक्याचे डॉक्टरही म्हणाले, कुणी शिकवत असेल तर मी शिकायला जातो. तात्यांना बघून ते मनातून हलले आहेत.

घाई का, तर पांडूच्या आईला तेच निघालं आहे. परवा तिची फाईल घेऊन पांडू आमच्या ओट्यावर आला. तिलाही घरी न्यायला सांगितलंय. अजून दुखणं सोसण्याइतकं आहे. तिलाही गाडीत घालून पुण्याला नेणार का मी? आणि तिच्यानंतरचा?

म्हणून तुला काम सांगतो. पुढच्या वेळी ती नर्स आली की तिच्याजवळ बस. तिच्या पिशवीत काय काय असतं ते एकेक लिहून घे. एका नर्सकडे किती घरं असतात, रात्री दुखलं तर फोन कोण उचलतं, मॉर्फिन कुठून मिळतं आणि त्याची नोंद कोण ठेवतं, घरच्या बायकांना काय शिकवतात, दुकानांतल्या देणगीच्या डब्यांतले पैसे कोण मोजतं, सगळं विचार. १५ जानेवारीला तिकडे पॅलिएटिव्ह दिवस, म्हणजे याच सेवेचा दिवस, पाळतात, त्या दिवशी गावात हिंडून ये. भाषा येत नाही असं सांगू नकोस, एवढी वर्षं बँकेत कर्ज काय खुणांनी वाटतोस का?

चिनूच्या ॲडमिशनचं काय झालं? बदलीचं कळव. तुझ्या घरी वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
रम्या

ता. क. मेट्रोनिडॅझोलची पूड कशी भरायची ते तात्यांकडच्या वहिनी स्वतः जाऊन पांडूच्या बायकोला दाखवणार आहेत. जखम फुटायच्या आधीच.