मधली वर्षं कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोरियन अभिनेत्री यून यो-जंग यांच्यावर लेख आला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखात १९७१चा पहिला चित्रपट आहे, लग्न आहे, घटस्फोट आहे आणि पुढच्याच परिच्छेदात ऑस्कर आहे. मधली सगळी वर्षं बाई घरात बसून होत्या आणि ७३व्या वर्षी एकाएकी नशीब उघडलं, असंच कोणालाही वाटेल. मला ते फार लागलं, म्हणून लिहिते आहे.

मी परळची, वय ६८. एका ग्राहक भांडारात २४ वर्षं गल्ल्यावर बसले. त्याआधी कामगार नाट्यस्पर्धांमध्ये नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे ठरलेल्या पैशांवर, कामं करायचे. गिरण्यांच्या, बँकांच्या नाटकमंडळींना बायका मिळायच्या नाहीत, मग आमच्यासारख्या मुलींना बोलावणं यायचं. तालमीला चहा-वडा आणि प्रयोगाची नाईट ५० रुपये. आमच्यात मोठ्या नटीला बाई म्हणायची रीत आहे, म्हणून मी यांना यूनबाई म्हणते.

त्यांचा जन्म १९ जून १९४७चा, केसाँग गावचा. तेव्हा ते गाव दक्षिणेत होतं, युद्धानंतर उत्तर कोरियात गेलं. बाई सोलमध्ये वाढल्या. कॉलेजात असताना एका टीव्ही केंद्रात मुलांच्या कार्यक्रमात प्रेक्षकांना भेटवस्तू वाटायचं काम मिळालं, पैसे बरे मिळाले आणि १९६६मध्ये त्या निवड चाचणी देऊन नटी झाल्या. कॉलेज अर्धवट राहिलं. १९७१मध्ये टीव्हीवर जांग ही-बिनची भूमिका केली. ही त्यांच्या इतिहासातली राजाची उपपत्नी, कारस्थानांसाठी बदनाम. लोक भूमिकेवरचा राग खऱ्या बाईवर काढू लागले. आपल्याकडे निळूभाऊंना बघून बायका बाजूला व्हायच्या, तसंच. त्याच वर्षी किम की-यंग या दिग्दर्शकाने त्यांना पहिल्या चित्रपटात घराचा घात करणाऱ्या मोलकरणीचं काम दिलं. त्या एका चित्रपटाने बाईंना स्पेनमधल्या सिट्जेस महोत्सवातलं पारितोषिक मिळालं. वय होतं २४.

मग एका लोकप्रिय गायकाशी लग्न झालं आणि त्या अमेरिकेला गेल्या. फ्लोरिडात दोन मुलगे झाले. घर चालेना तेव्हा या पारितोषिक मिळवलेल्या नटीने सुपरमार्केटच्या काउंटरवर काम केलं. तासाला पावणेतीन डॉलर. तुमच्या लेखात हे एका ओळीत उरकलं आहे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारा ती ओळ काय असते. दिवसभर उभं राहून पायांना गोळे येतात. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर स्वतःच्या पर्समधले पाच रुपये टाकायचे. आणि समोर आलेल्या प्रत्येकाशी हसून बोलायचं, कारण तेही कामच असतं. एक गोष्ट मात्र तिथे शिकायला मिळते. माणसं बघायला मिळतात. पैसे मोजताना कोणाचा हात थरथरतो, कोण पिशवीतलं अर्धं सामान परत ठेवतं आणि ‘आज नको’ म्हणतं, हे दोन हात अंतरावरून दिसतं. यूनबाईंनी तिथे काय पाहिलं ते त्यांना माहीत. पण त्यांच्या म्हाताऱ्या बायका मी पडद्यावर पाहते तेव्हा मला काउंटरपलीकडून पाहिलेली माणसं आठवतात.

१९८४मध्ये त्या कोरियात परतल्या, १९८७मध्ये घटस्फोट झाला. तेव्हाच्या कोरियात घटस्फोटित बाईने टीव्हीवर दिसूच नये असं लोक म्हणायचे, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलं आहे. आता त्याच लोकांना आपण आवडतो, माणसं अशीच असतात, असंही म्हणाल्या.

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल. माझा नवरा १९८७मध्ये घर सोडून गेला. मोठा मुलगा सहा वर्षांचा, धाकटा तीन. लग्नानंतर नाटक सुटलं होतं, तरी मी पुन्हा कामं मागायला गेले. ज्यांच्या नाटकांत पूर्वी नायिका केली होती, त्यांपैकी एकाने तोंडावर सांगितलं, ‘नवऱ्याने टाकलेल्या बाईला आईचं काम दिलं तर लोक काय म्हणतील?’ मी त्यानंतरही चार वर्षं मिळेल ते केलं. नर्स, शेजारीण, चहाचा ट्रे घेऊन येणारी वहिनी. भांडारातून सुटले की तालीम, मुलं विंगेत अभ्यास करायची. मग धाकट्याला कावीळ झाली आणि मी कायमची थांबले. मला त्याची खंत आहे आणि ती मी लपवत नाही. पण म्हणूनच सांगते, लहान काम घेत राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एक वाक्य मिळालं तरी साडी घरून इस्त्री करून न्यावी लागते.

यूनबाई थांबल्या नाहीत. त्यांच्यावर दोन मुलं होती आणि मिळेल ते काम त्या घेत गेल्या, कितीही लहान असो. किम सू-ह्यून या लेखिकेने त्यांना आपल्या मालिकांमध्ये घेतलं. (माझी नात म्हणते, या नावाचा एक हिरोही आहे. तो वेगळा, या बाई वेगळ्या.) आई, सासू, मावशी, सरदाराची बायको, वर्षानुवर्षं रोजचं काम. नटाला पैशाची गरज असते तेव्हा तो सगळ्यात चांगलं काम करतो, असं यूनबाईंनी सांगून टाकलं आहे. आपल्याकडे कलावंताने पैशाचं नाव काढलं की नाकं मुरडतात. मला मात्र हे वाचून बरं वाटलं. मुलांची फी भरायची म्हणून केलेल्या कामात जीव ओतलेला नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी फी भरलेली नसते.

साठीनंतर आपल्याला आवडणाऱ्या माणसांबरोबरच काम करायचं असं त्यांनी ठरवलं. इतकी वर्षं राबल्यावरची ती त्यांची चैन. २००३पासून चित्रपटांत पुन्हा दिसू लागल्या. २०१०मध्ये किम की-यंग यांच्या १९६०च्या ‘हाउसमेड’वरून नवा चित्रपट झाला. १९७१चा चित्रपटही त्याच कथेवरचा होता. तेव्हा तरण्या मोलकरणीचं काम केलेल्या यूनबाई ३९ वर्षांनी त्याच कथेत म्हातारी मोलकरीण होऊन आल्या. सगळं बघून, सगळं गिळून, मालकिणीचे उंची कपडे उचलणारी. यावर तुम्ही अख्खं पान लिहायला हवं होतं.

आणि ‘मिनारी’. लेखात ‘ऑस्कर मिळवून देणारा चित्रपट’ एवढंच आहे. मिनारी ही पाण्याकाठी वाढणारी भाजी, आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली. चित्रपटात १९८०च्या दशकात अमेरिकेत शेती करायला गेलेलं कोरियन कुटुंब आहे. त्याच काळात यूनबाई स्वतः दोन लहान मुलांसह अमेरिकेत होत्या, हे लक्षात ठेवून तो बघावा. आजी कोरियाहून लेकीकडे येते, बोचकं सोडते, तर आत लाल तिखट आणि सुकी मांदेली. लेकीचे डोळे भरून येतात. मी तिथेच चित्रपट थांबवला. माझी आई रत्नागिरीहून एसटीने यायची आणि पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकट असायची. जिन्यातच वास यायचा. नातू त्या आजीला म्हणतो, तू खऱ्या आजीसारखी नाहीस. खरंच नसते ती. पत्ते खेळते, शिव्या देते, तिला बिस्किटं करता येत नाहीत. दिग्दर्शक ली आयझॅक चुंग यांनी ही आजी आपल्या आजीवरून लिहिली होती. बाईंनी विचारलं, मी तुमच्या आजीची नक्कल करू का? ते नको म्हणाले आणि बाईंना तेच हवं होतं. पुढे आजीला पक्षाघात होतो. तेव्हा यूनबाईंचा हात, ओठाचा कोपरा, मुलाकडे वळणारी नजर बघा. नशिबाने आलेली गोष्ट नाही ती.

२६ एप्रिल २०२१ची सकाळ. करोनाची दुसरी लाट होती, आमच्या मजल्यावर दोन घरांत पेशंट होते. नातीने मोबाइल पुढे धरला. सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर घेताना यूनबाई मंचावर म्हणाल्या, स्पर्धेवर माझा विश्वास नाही, ग्लेन क्लोजना (याच ऑस्करसाठी नामांकन असलेल्या अमेरिकन अभिनेत्री) मी कशी हरवणार? आम्ही पाचही जणींनी वेगवेगळी कामं केली, आज माझं नशीब जरा जास्त चांगलं, एवढंच. तुमच्या लेखाने बहुधा हेच नशीब उचललं. पण ते समोर बसलेल्या चौघींची मनं राखण्यासाठी म्हटलेलं होतं. पुढे काय म्हणाल्या तेही द्यायला हवं होतं. दोन्ही मुलांचे आभार मानले, कारण त्यांच्यामुळे आपल्याला घराबाहेर पडून काम करावं लागलं. आईने एवढे कष्ट केले, त्याचं हे फळ, असं सांगितलं. शेवटी किम की-यंग यांची आठवण काढली. ते आणि त्यांची पत्नी १९९८मध्ये घराला लागलेल्या आगीत गेले. अभिनयाचं ऑस्कर मिळालेल्या यूनबाई पहिल्याच कोरियन. आशियाई स्त्रियांत त्यांच्याआधी एकच, जपानच्या मियोशी उमेकी, तेही १९५७च्या चित्रपटासाठी.

आपल्याकडे ललिताबाई पवार होत्या. १९४२मध्ये सेटवर बसलेल्या थपडेने डोळा कायमचा बारीक झाला, नायिकापण गेलं. त्यांनी ‘अनाडी’, ‘आनंद’, ‘रामायण’मधली मंथरा असं पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. आपण मात्र थप्पड आणि मंथरा तेवढी लक्षात ठेवतो. आज मालिकांमध्ये सासूच्या मागे उभ्या असणाऱ्या कितीतरी जणी तीस-तीस वर्षं काम करत आहेत. त्यांच्यावर बहुतेक वेळा गेल्यानंतर दोन कॉलम येतात. माझी विनंती आहे, पुरवणीत त्यांच्यासाठी एक जागा ठेवा. त्यांना लग्नाबद्दल कमी विचारा. कुठल्या वर्षी नाईट किती होती, मुलांना कोणाकडे ठेवून तालमीला जायच्या, नाकारलेलं काम कुठलं आणि का, हे विचारा. त्या सांगतील. कोणी विचारलं तर मीही सांगेन.

आणखी एक. लेखात बाईंचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने छापलं आहे. ऑस्करच्या मंचावर त्यांनी नाव चुकवणाऱ्या सगळ्यांना त्या रात्रीपुरती माफी दिली होती. तरी दुरुस्ती छापावी: यून यो-जंग. यून हे आडनाव, आणि त्यांच्याकडे ते आधी येतं.

आपली,
एक निवृत्त कॅशिअर, परळ, मुंबई