बांधून झालेल्या घरातले सुतारकाम

हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ (कॅनडा)
फेब्रुवारीची अखेर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घर आधीच उभे असते आणि दारे कारखान्यातून चौकटीसकट येतात, तर मग तुम्ही सुतार तिथे नेमके करता काय, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. मागे करवतीचा आवाज चालू होता, त्यामुळे माझे उत्तर अर्धवट राहिले. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. दर सोळा इंचांवर एक उभा वासा येतो. त्याला 'टू बाय फोर' म्हणत असले तरी प्रत्यक्षात तो दीड इंच बाय साडेतीन इंच भरतो. वाशांच्या मधल्या पोकळीत काचतंतूंचे भरण घालतात आणि वरून अर्धा इंच जाडीची जिप्समची पाटी ठोकतात, तिला ड्रायवॉल म्हणतात. सांगाडा उभारणारे सुतार वेगळे असतात. त्यांचे काम भिंतीआड झाकले जाते आणि पाव इंचाचा फरक त्यांना खपतो. नळवाले, वीजवाले, ड्रायवॉलवाले आणि फरशीवाले आटोपले की आमची पाळी येते. दारे बसवणे, दारा-खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या म्हणजे केसिंग, भिंतीच्या पायथ्याचा बेसबोर्ड, छताच्या कडेचे क्राउन मोल्डिंग, कपाटांतले खण आणि जिन्याचे कठडे हे सगळे आमच्याकडे असते. आमच्यानंतर फक्त रंगारी येतो. आधीच्या सगळ्यांनी ठेवलेला वाकडेपणा आमच्या वाट्याला येतो आणि तो पाहणाऱ्याच्या नजरेस येऊ द्यायचा नाही, हेच या कामाचे मर्म आहे असे मला वाटते.

दाराचेच घ्या. आपल्याकडे चौकट आधी उभी राहते, गवंडी तिच्याभोवती चिरे रचतो, होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत गाडले जातात आणि भिंतीला चौकटीचे ऐकावे लागते. इथे चौकटीने भिंतीचे ऐकायचे असते. ३२ इंची दारासाठी सांगाड्यात साधारण ३४ इंचांची मोकळी जागा सोडलेली असते. कारखान्यातून आलेली चौकट तीत उभी करून मागे सीडरच्या पातळ पाचरी समोरासमोर जोडीने सारायच्या. एकच पाचर घातली तर चौकट पिळली जाते, म्हणून जोडी. आधी बिजागरीची बाजू ओळंब्यात आणायची, ती पक्की करायची आणि मगच वरची व कुलपाची बाजू दाराच्या कडेशी जुळवत जायची. फट सगळीकडे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तुमच्या भाषेत बरोबर एक सूत. शेवटी वरच्या बिजागरीतला एक आखूड स्क्रू काढून त्या जागी तीन इंची स्क्रू पार वाशापर्यंत घालतात, म्हणजे दार पुढे आपल्या भाराने लोंबत नाही.

सुताचा हा हिशेब इथे फार उपयोगी पडतो. कॅनडा कागदोपत्री मिलिमीटरचा देश असला तरी लाकडाच्या वखारीत आणि साइटवर फूट-इंचच चालतात आणि टेपवर इंचाचे सोळा भाग असतात. इतर शिकाऊ मुले अपूर्णांकांची बेरीज करत बसतात, तेव्हा मी मनातल्या मनात सूत आणि अर्धे सूत मोजून मोकळी होते. केसिंगची पट्टी चौकटीच्या कडेशी सपाट न लावता दीड सूत मागे घेतात. दोन कडा एका पातळीत आणायच्या म्हटल्या तर केसाएवढा फरकही दिसतो. मुद्दाम ठेवलेल्या पायरीत तो लपतो, शिवाय बिजागरीला जागा मिळते.

मला सर्वांत आवडलेले आणि शिकायला सर्वांत अवघड गेलेले काम म्हणजे आतल्या कोपऱ्यातला कोपिंगचा सांधा. खोलीच्या कोपऱ्यात दोन बेसबोर्ड भेटतात, तिथे दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडाव्यात असे कोणालाही वाटेल. पण ड्रायवॉलच्या सांध्यावर लांबीचे, म्हणजे पुटीचे, थर चढलेले असतात, त्यामुळे कोपरा क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतो. ९१ नाहीतर ८९ अंश भरतो. तिथे ४५ चे दोन छाट एकमेकांशी जुळत नाहीत, आणि समजा जुळलेच, तरी खिळा मारताना पट्टी मागे ओढली जाऊन सांधा उघडतो. म्हणून पहिली पट्टी सरळ कापून थेट कोपऱ्यात भिडवायची. दुसरी आधी ४५ अंशांत कापायची, म्हणजे तिच्या तोंडावर नक्षीची कड स्पष्ट उमटते. मग बारीक पात्याच्या हातकरवतीने त्या कडेबरोबर वळणे घेत नको असलेले लाकूड काढून टाकायचे. करवत थोडी मागे कलती धरायची, म्हणजे पुढची धार तेवढीच टेकते आणि मागचे लाकूड आड येत नाही. उरलेले कानशीने घासायचे. अशी पट्टी पहिल्या पट्टीच्या अंगावर चपखल बसते आणि कोपरा एक-दोन अंशांनी चुकलेला असला तरी सांधा मिटलेलाच राहतो. बाबा, कोपऱ्याचा दोष दुरुस्त न करता निरुपद्रवी करून टाकणारी ही युक्ती तुम्हाला नक्की पटेल.

क्राउन मोल्डिंग हे त्याच्याही पुढचे प्रकरण आहे, कारण ती पट्टी भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरकी बसते. करवतीवर ती उलटी ठेवावी लागते: छताला लागणारी कड खाली, भिंतीला लागणारी कड करवतीच्या मागच्या उभ्या आधारपट्टीला टेकलेली, आणि डावे-उजवेही मनात पालटून घ्यायचे. पट्टी आडवी ठेवून कापायची तर, भिंतीशी ३८ अंश करणाऱ्या नेहमीच्या पट्टीसाठी काटकोनी कोपऱ्यात पाते ३१.६ अंश वळवून ३३.९ अंश कलवावे लागते. हे आकडे करवतीवर कोरलेलेच असतात, पण मी ज्यांच्या हाताखाली शिकते ते मिस्त्री त्यांच्यावर विसंबत नाहीत. टेपचाही त्यांना राग आहे. शक्य तिथे पट्टी जागेवरच धरून खूण करतात, आणि खिडक्यांच्या उंचीसाठी एका काठीवर सगळ्या खुणा घेऊन तीच काठी खोलीभर फिरवतात. तुमची खुणांची काठी पाहिलेली असल्यामुळे मला हे नवे नव्हते.

हिवाळ्याचे मात्र नव्याने शिकावे लागले. आपल्याकडे दार पावसाळ्यात फुगते आणि तुम्ही रंधा घेऊन निघता. इथे उन्हाळा दमट असतो आणि थंडीत बाहेरची गार हवा घरात येऊन तापली की इतकी कोरडी होते की आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच पॅनेलच्या दारातली फळी खोबणीत सैल ठेवतात, आणि ती बसवण्याआधी रंगवली नसेल तर जानेवारीत तिच्या कडेला बिनरंगाची रेघ उघडी पडते. माल काही दिवस त्याच खोलीत ठेवल्याशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही. रंगाखाली जाणाऱ्या पट्ट्यांसाठी एमडीएफ सर्रास वापरतात. तुम्ही त्याला भुशाची फळी म्हणता; कोकणातल्या पावसासाठी आणि इथल्या न्हाणीघरांसाठीही ते खरेच आहे, कारण पाणी लागले की ते फुगते आणि पूर्ववत होत नाही. पण कोरड्या दिवाणखान्यात छताजवळ त्याच्याइतके सरळ आणि बिनगाठीचे लाकूड या किमतीत मिळत नाही. त्याची बारीक धूळ मात्र वाईट. मास्क लावल्याखेरीज मी ते कापत नाही, आईला तेवढे सांगा.

शिकाऊपणाचे गणित तासांत असते. ऑन्टॅरिओत सुताराला ते साधारण ७२०० तासांचे आहे. त्यातला बहुतेक भाग पगारी कामावर आणि थोडा वर्गात जातो, आणि पुढे रेड सीलची परीक्षा दिली की दुसऱ्या प्रांतांतही कसब मानले जाते. वर्गात आता जिना चालू आहे. पायरीची उंची २०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि कठड्याच्या दांड्यांमधून १०० मिलिमीटरचा गोळा पार होता कामा नये, लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून, असे नियम आहेत.

आता दादाच्या घराबद्दल. दारे मेमध्ये बसणार असतील तर दोन गोष्टी आताच सांगून ठेवा. मे महिन्यात लाकूड सुकलेले असते, तेव्हा फट मोजून एक सूत ठेवली तर जुलैत दार अडेल. सागवानाला दीड सूत आणि इतर लाकडाला दोन सूत ठेवावी असे मला वाटते, पण तिथल्या पावसाचा अंदाज तुमचाच खरा. दुसरे म्हणजे दाराची वरची आणि खालची कड रंगाऱ्याकडून हमखास राहून जाते, आणि उभ्या पट्ट्यांची टोके तिथेच उघडी असतात. लाकूड टोकाकडून पाणी फार लवकर ओढते. म्हणून दार बिजागरीवर चढवण्याआधी आडवे ठेवून त्या दोन्ही कडांना सीलरचे दोन हात द्यायला लावा. दार चढल्यावर खालच्या कडेपर्यंत ब्रश पोचत नाही.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार.

तुमची,
सुमन